हिवाळ्यात किनाऱ्यावर दाट धुकं आणि आत अवेळी उकाडा: एकाच अंदाजात दोन्ही कसं?

वाळूघड्याळ

ऐन हिवाळ्यातला पाच दिवसांचा विभागीय अंदाज वाचतोय. थोडक्यात असा आहे: जमिनीवर उच्च दाब ठाण मांडून बसलाय. आतल्या भागात कमाल तापमान 25 अंशांपर्यंत, म्हणजे सरासरीपेक्षा 8 अंश जास्त. पहिले दोन दिवस किनाराही उबदार आणि निरभ्र. तिसऱ्या दिवसापासून किनाऱ्यावर रात्री आणि सकाळी दाट धुकं. चौथ्या-पाचव्या दिवशी 'धुकं आत सरकण्याची शक्यता, काही ठिकाणी दिवसभर ढगाळ'.

हाताशी असलेले आकडे: समुद्राचं तापमान 13 अंश, 750 मीटरवर (जिथे हवेचा दाब 925 हेक्टोपास्कल असतो ती पातळी) 20, 1500 मीटरवर (850 हेक्टोपास्कल) 14. दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत निवली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते) आत 2 आणि किनाऱ्यावर सध्या 4.

इतक्या कोरड्या हवेत धुकं येणार कुठून? आणि यायचंच असेल तर पहिल्या दिवशी का नाही, तिसऱ्याच दिवशी का? तिसरी शंका आकड्यांची. किनाऱ्यावरच्या एकाच ठिकाणासाठी चौथ्या दिवशीचं कमाल तापमान एक मॉडेल 14 सांगतं, दुसरं 24. हिवाळ्यात दहा अंशांचा फरक म्हणजे काहीच्या काही झालं. यातलं खरं कुठलं धरायचं?

बाष्पमापी

धुकं म्हटलं की थंडी, हे समीकरण आधी बाजूला ठेवा. तुमच्या अंदाजात उकाडा आणणारी हवाच धुक्यावर झाकण घालणार आहे.

उच्च दाबात हवा वरून खाली उतरते. उतरताना तिच्यावरचा दाब वाढतो, ती आकसते आणि दर किलोमीटरला 9.8 अंशांनी तापते. 1500 मीटरवरची 14 अंशांची हवा समुद्रसपाटीपर्यंत आणली तर ती 28 च्या थोडी वर जाते. दवबिंदू मात्र त्याच उतरणीत किलोमीटरला जेमतेम 2 अंश चढतो. वर उणे 1 असेल तर खाली 2. आता 28 अंशांच्या हवेत 2 चा दवबिंदू म्हणजे सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांच्या आत. डोंगर उतरून येणारे फॉन, चिनूक किंवा दक्षिण कॅलिफोर्नियातले सांता ॲना वारे गरम आणि कोरडे असतात ते याच हिशेबाने. त्यासाठी वाळवंटातून उष्णता वाहून यावी लागत नाही. मूळ हवा गार असली तरी ती उंचावरून आली एवढं पुरतं.

हीच हवा किनारा ओलांडून 13 अंशांच्या पाण्यावर गेली की तळाचा काही दशक मीटरांचा थर पाण्याला टेकून गार होतो आणि पाण्यातून बाष्प उचलतो. त्याच्या वर 20-22 अंशांची कोरडी हवा तशीच पसरलेली असते. खाली गार, वर गरम असा हा उलटा थर (पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात). गार हवा जड, त्यामुळे ती वर जात नाही; पाण्यातून आलेलं बाष्प या पातळ थरात कोंडून राहतं. मोकळ्या हवेत तेच बाष्प किलोमीटरभर उंचीत पसरलं असतं आणि धुक्याचं नावही निघालं नसतं.

आता रात्र. दमट थराचा माथा आकाशाकडे उष्णता फेकतो. वरची हवा कोरडी असेल तर ती उष्णता अडवायला, परत खाली पाठवायला वर काहीच नसतं. म्हणून वर जितकं कोरडं तितका खालचा थर झपाट्याने निवतो, कधी समुद्रापेक्षाही एक-दोन अंश खाली जातो. 'हवा कोरडी आहे, धुकं कसं पडेल' हा प्रश्न इथेच उलटा होतो. कोरडेपणा कुठल्या उंचीवर आहे ते विचारा. जमिनीलगत कोरडं असेल तर धुकं नाही, 200 मीटरच्या वर कोरडं असेल तर उत्तम धुकं.

मात्र 'उबदार हिवाळा आणि किनाऱ्यावर धुकं' ही जोडी दुसऱ्याही एका मांडणीतून येते, आणि दोन्हींची गल्लत केली की पुढचं सगळं चुकतं. मेक्सिकोच्या आखाताचा उत्तर किनारा घ्या. हिवाळ्यात किनाऱ्याजवळचं उथळ पाणी खोल समुद्राच्या मानाने बरंच गार असतं, त्यात मिसिसिपीसारख्या नद्यांचं थंड पाणी मिसळतं. दक्षिणेकडून उबदार, दमट वारा या पाण्यावरून आला की दवबिंदू 18 आणि खाली पाणी 14 असा सामना होतो. धुकं ठरलेलंच. इथे उबदारपणा दमट आहे, वारा समुद्रावरून येतोय, धुकं दिवसाही हटत नाही आणि थंड आघाडी (थंड हवेची पुढे सरकणारी कड) येऊन हवा बदलेपर्यंत दोन-तीन दिवस राहू शकतं.

दोन्ही ओळखायला एकच तपासणी पुरते: दवबिंदू आणि समुद्राचं तापमान शेजारी ठेवा. येणाऱ्या हवेचा दवबिंदू समुद्रापेक्षा एक-दोन अंश किंवा त्याहून वर असेल तर ती दमट वाऱ्याची मांडणी. दवबिंदू समुद्रापेक्षा खूप खाली असेल तर (तुमच्याकडे 4 विरुद्ध 13) ती उतरत्या हवेची. त्यात धुकं लगेच येत नाही, थराला आधी समुद्रावर पिकावं लागतं. हवेच्या तापमानाकडे या टप्प्यावर पाहूच नका, ते फसवतं.

आणखी एक प्रकार लोक यात घुसडतात: थंड हवा गरम पाण्यावर आली की पाण्यातून वाफा निघताना दिसतात ते. उबदार हिवाळ्यात त्याचा संबंध नाही, तो कडाक्याच्या थंडीचा मामला.

दीपगृह

तिसऱ्या दिवसाचं उत्तर वरच्या 'पिकावं लागतं' यातच आहे. क्रम असा चालतो.

पहिला-दुसरा दिवस: उच्च दाब आत, किनाऱ्यावर दाब त्यामानाने कमी. वारा जमिनीकडून समुद्राकडे. तो जोरात असेपर्यंत दमट थर किनाऱ्यापासून दूर ढकलला जातो. खारे वारे एकतर सुटतच नाहीत किंवा दुपारी उशिरा सुटतात. या दिवसांत किनाऱ्यावरचं कमाल तापमान आतल्या भागाच्या बरोबरीने, क्वचित त्याच्याही वर जातं, कारण उतरून आलेली हवा किनाऱ्याशी सर्वांत खाली पोचलेली असते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर जानेवारी-फेब्रुवारीत पूर्वेचा वारा जोर धरतो आणि खारे वारे रेंगाळतात तेव्हा पारा असाच चढतो.

तिसरा दिवस: उच्च दाबाचा मध्य सरकतो किंवा मंदावतो, जमिनीकडून येणारा वारा पडतो. समुद्रावर दोन दिवस पिकलेला पातळ थर किनाऱ्याकडे परत येतो. हा थर 100-200 मीटरच जाड असतो आणि म्हणूनच सगळ्यात वाईट. ढगाचा तळ जमिनीला टेकलेला, दृश्यमानता 200 मीटरच्या खाली. पहिल्यांदा परततं ते धुकं अनेकदा सगळ्यात दाट असतं, आणि लोक आदल्या दिवशीच्या निरभ्र आकाशावर विसंबलेले असतात.

चौथा-पाचवा दिवस: थर जाड होत जातो, 300, 400, 500 मीटर. जाड झाला की तो आत जास्त दूर शिरतो, पण त्याचा तळ वर उचलला जातो. किनाऱ्यावर धुक्याऐवजी खालच्या ढगांचं छत दिसतं आणि धुकं लागतं ते त्या उंचीच्या टेकड्यांच्या उतारांवर. तुमच्या अंदाजातलं 'काही ठिकाणी दिवसभर ढगाळ' म्हणजे हेच. घाटातून गाडी नेणाऱ्याला मात्र पाचवा दिवस तिसऱ्यापेक्षा वाईट जाईल.

ढोबळ नियम: उलट्या थराचा पाया 400 मीटरच्या खाली असेल तर किनाऱ्यावर धुक्याची भीती, त्याच्या वर गेला की बहुधा नुसते ढग. स्थानिक उतार आणि वारा यानुसार आकडा मागेपुढे होतो, पण दिशा हीच.

बाष्पमापी यांच्या एका आकड्यावर फक्त टीप. 850 हेक्टोपास्कलवरून 28 काढलं ते हवा तळापर्यंत पूर्ण उतरली तर. हिवाळ्यात तसं फार थोड्या जागी होतं. 45 अंश अक्षांशावर डिसेंबरात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून 22 अंशांच्या आसपास असतो. त्या उन्हात जमिनीलगतचा रात्रीचा गारवा पूर्ण घुसळून निघत नाही. उन्हाळ्यात 850 च्या तापमानात 14-15 मिळवून कमाल काढायची सवय हिवाळ्यात दगा देते. तुमच्या बाबतीत 925 ची पातळी जास्त कामाची: 20 अधिक साडेसात म्हणजे 27-28 ही वरची मर्यादा, आणि 25 चा अंदाज समजूतदार. वाऱ्यावर उघड्या उतारांवर 27 मिळेल. बंद खोऱ्यात त्याच दिवशी 15 ला अडकेल, त्यातच खोऱ्यात स्वतःचं धुकं साचलं तर दहाच्याही खाली राहील.

वाळूघड्याळ

खोऱ्यातलं धुकं आणि समुद्राचं धुकं एकत्र येतात का? अंदाजात दोन्हींसाठी एकच शब्द आहे.

बाष्पमापी

येतात, आणि वेगळं ओळखणं गरजेचं आहे कारण विरतात वेगळ्या रीतीने.

खोऱ्यातलं धुकं जमिनीचं. ओली माती, निरभ्र लांब रात्र आणि जवळपास निवांत वारा (सेकंदाला दोन-तीन मीटरच्या आत) ही त्याची सामग्री. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातलं 'टूली' धुकं याचं ठळक उदाहरण: पाऊस होऊन गेल्यावर वर उच्च दाब बसला की खोरं भरतं आणि कित्येक दिवस भरलेलं राहतं. रात्री हीच गार हवा उतारावरून, नदीच्या वाटेने खाली वाहते आणि किनाऱ्याला पोचते. त्यामुळे वारा जमिनीकडून आहे म्हणून किनारा सुरक्षित, असं समजू नका. नदीमुखापाशी, खाडीच्या तोंडाशी मतलई वाऱ्याबरोबर जमिनीचं धुकं समुद्रात जाताना दिसतं.

समुद्राचं धुकं वारा सहन करतं. ताशी 20-30 किलोमीटर वाऱ्यातही टिकू शकतं. निरीक्षणात वारा ताशी 20 किलोमीटर आणि दृश्यमानता 400 मीटर दिसली तर ते खोऱ्याचं नव्हे हे लगेच कळतं.

दीपगृह

तपासायचं कसं, तेही लिहून ठेवतो. संध्याकाळपासून या क्रमाने पाहिलं तर वेळ वाया जात नाही.

आधी किनाऱ्याजवळच्या विमानतळाचं निरीक्षण. तापमान आणि दवबिंदू '14/13' असे जोडीने येतात. फरक 2 अंशांवर आला आणि सूर्य मावळायचाय, तर रात्र धुक्याची समजा. नुसत्या फरकाला चिकटू नका, दवबिंदूचा प्रवास पाहा. तुमच्या मांडणीत किनाऱ्यावरचा दवबिंदू 4 वरून एकदम 10-11 वर उडी मारेल, अनेकदा तासा-दोन तासांतच. तीच थर परतल्याची खूण, आणि तापमान त्याच वेळी पाच-सात अंशांनी कोसळतं. धुकं त्याच्या मागोमाग.

दुसरं, समुद्रातला बोया (पाण्यावर तरंगणारं मोजणीयंत्र). उपग्रहाचं समुद्र-तापमान पाण्याच्या वरच्या कातडीचं असतं आणि ढगाखालचं त्याला दिसत नाही. बरेच दिवस ढग असले तर नकाशातला आकडा जुना किंवा आजूबाजूवरून भरलेला असतो. बोया पृष्ठभागाखालचं पाणी मोजतो, म्हणून दोघांत अर्धा-एक अंश फरक चालायचाच. खरी मेख किनाऱ्यालगतच्या गार पट्ट्यात आहे: जमिनीकडून वारा किंवा किनाऱ्याला समांतर वारा खालचं थंड पाणी वर आणतो, तो पट्टा काही किलोमीटरचाच असतो आणि जागतिक मॉडेलच्या जाळ्यातून (ज्या चौकटींवर ते हिशेब करतं त्यांतून) निसटतो.

तिसरं, रेडिओसाँडचा (फुग्याला बांधून वर सोडलेल्या मोजणीयंत्राचा) आलेख. सकाळ-संध्याकाळचे दोन फुगे. उलट्या थराचा पाया किती मीटरवर, माथ्याशी तापमान किती आणि दवबिंदूची रेषा तापमानरेषेपासून कुठे फाकते, या तीन गोष्टी वाचा. तापमानातली उडी 8-10 अंशांची असेल तर झाकण पक्कं, उद्या दुपारच्या उन्हाने फुटणार नाही. फुगा दूरच्या केंद्रावरचा असेल तर डोंगरमाथ्यावरच्या आणि पायथ्याच्या स्वयंचलित केंद्रांची तुलना करा. माथ्यावर 20 आणि पायथ्याशी 12, म्हणजे झाकण दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. तीन-चार उंचीची केंद्रं मिळाली तर फुग्याची गरजही उरत नाही.

चौथं, रात्रीचं उपग्रहचित्र. साध्या अवरक्त चित्रात धुकं दिसत नाही, कारण त्याच्या माथ्याचं तापमान जमिनीच्याच जवळपास असतं. त्यासाठी 3.9 आणि 10.8 मायक्रोमीटरच्या आसपासच्या दोन वाहिन्यांमधला फरक घेतात. बारीक थेंब 3.9 ला कमी उत्सर्जन करतात, त्यामुळे खालचे ढग उठून दिसतात. गोज, हिमावरी, मेटिओसॅट, इन्सॅट-3डीआर या सगळ्या हवामान उपग्रहांवर अशा वाहिन्या आहेत. तीन ठिकाणी हे चित्र फसतं. वर तंतुमेघ असले तर खालचं झाकलं जातं. सूर्य उगवताच 3.9 मध्ये परावर्तित ऊन मिसळतं आणि चित्र तासभर निरुपयोगी होतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, माथा दिसतो, तळ दिसत नाही. ते जमिनीला टेकलेलं धुकं आहे की 200 मीटरवरचा ढग, हे जमिनीवरच्या निरीक्षणानेच ठरतं.

मॉडेलची आर्द्रता शेवटी बघा. आधी बघितली तर डोकं तिथेच अडकतं.

नाखवा_९

समुद्रात जाणाऱ्यांनी अंदाजातल्या शब्दांचा अर्थ नीट धरावा. दृश्यमानता 1 किलोमीटरच्या खाली गेली तरच त्याला धुकं म्हणतात. विमानतळाच्या निरीक्षणात 1 ते 5 किलोमीटरला विरळ धुकं लिहितात. 'विरळ' वाचून निघाल्यावर वीस मिनिटांत 200 मीटर होऊ शकतं, कारण सागरी धुक्याची भिंत सरकत येते, जागच्या जागी हळूहळू दाटत नाही.

आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांतला 35 वा नियम पाठ हवा. यंत्रावर चालणारी, पाण्यात पुढे सरकणारी नौका: जास्तीत जास्त 2 मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा. लांब म्हणजे 4 ते 6 सेकंद. यंत्रावरची नौका नांगरलेली नाही पण थांबलीय, तर साधारण 2 सेकंदांच्या अंतराने दोन लांब. मासेमारीत गुंतलेली किंवा शिडाची: एक लांब, मागोमाग दोन आखूड. नांगरलेली असेल तर दर मिनिटाला 5 सेकंद घंटा. 12 मीटरपेक्षा लहान होडीला हेच संकेत देण्याची सक्ती नाही, पण 2 मिनिटांच्या आत काहीतरी परिणामकारक आवाज करायलाच हवा.

आवाजाच्या दिशेवर मात्र भरवसा नको. उलट्या थरात आवाज वाकतो, दूरचा भोंगा जवळ आणि जवळचा दूर वाटतो. पुढून भोंगा ऐकू आला आणि टकरीचा धोका नाही याची खात्री नसेल, तर 19 वा नियम सांगतो तसा वेग सुकाणू लागण्यापुरता ठेवायचा. गरज पडली तर पूर्ण थांबायचं. ओळखू येत नाही म्हणून अंदाजाने डावीकडे वळणं ही नेहमीची चूक.

वाळूघड्याळ

माझा 14 विरुद्ध 24 अजून बाकी आहे. सध्या मी दोन्हींची सरासरी 19 धरून चाललोय.

बाष्पमापी

19 हा एकमेव आकडा आहे जो नक्की येणार नाही :)

चौथ्या दिवशी ते ठिकाण एकतर दमट थरात असेल (समुद्राचं तापमान अधिक एखादा अंश, म्हणजे 14) किंवा थराच्या बाहेर (24). मधली अवस्था अर्धा-पाऊण तास टिकते. दोन शिखरांच्या वितरणाची सरासरी काढली की दोन शिखरांमधली दरी हाती लागते. युरोपीय हवामान केंद्राच्या समूह-अंदाजात (एकच मॉडेल किंचित वेगवेगळ्या सुरुवातींनी पुन्हापुन्हा चालवलेलं) 51 धावा असतात, अमेरिकी समूहात 31. सरासरीची रेषा न बघता या धावा मोजा. 51 पैकी 35 धावा 16 च्या खाली असतील तर 'धुक्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, धुकं असेल तर 14, नसेल तर 24' असं लिहा. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

धावांच्या मोजणीतही एक पूर्वग्रह असतो. जागतिक मॉडेलचं जाळं 9 ते 13 किलोमीटरचं. जमिनीलगतचे थर मोजके. त्यात 150 मीटरचा दमट थर आणि त्यावरची दहा अंशांची उडी मावत नाही, मॉडेल ती पसरट करतं. पसरट झाकणातून कोरडी हवा खाली झिरपते आणि धुकं कागदावरच विरतं. त्यामुळे उतरत्या हवेच्या मांडणीत मॉडेल सहसा धुकं उशिरा आणतं आणि लवकर घालवतं, पर्यायाने किनारा जास्त गरम दाखवतं. सूक्ष्म जाळ्याचं मॉडेल असेल तर त्याला जास्त वजन द्या, पण त्यात घातलेलं समुद्राचं तापमान बोयाशी ताडून पाहा. दोन अंश जास्त घातलेलं असलं की कितीही बारीक जाळं असो, उत्तर चुकणार.

आणखी एक. सरासरीपेक्षा 8 अंश जास्त म्हणताना सरासरी कुठली ते विचारा. जागतिक हवामान संघटनेची सध्याची प्रमाण मुदत 1991 ते 2020 ही 30 वर्षांची. कुणी जुनी 1961-1990 वापरत असेल तर तोच दिवस अधिक असामान्य दिसतो. आणि बातमीत 'कमाल' 8 ने जास्त असतं, दिवसभराचं सरासरी तापमान तेवढं नसतं. निरभ्र कोरड्या रात्री आतल्या भागात किमान तापमान उलट सरासरीच्याही खाली जाऊ शकतं. किनाऱ्यावर धुकं असलेल्या रात्री किमान खाली जातच नाही, कमाल-किमानात तीन अंशांचाही फरक उरत नाही.

पानगळ

फळबागांसाठी यात वेगळाच पेच आहे. बदाम, चेरी, पिस्ता यांना सुप्तावस्थेत ठरावीक तासांची थंडी लागते. जुन्या पद्धतीत 0 ते 7.2 अंशांमधले तास मोजतात. उबदार, उन्हाचे दिवस आले की ही मोजणी थांबते, शिवाय उन्हातली कळी हवेपेक्षाही गरम असते, ते हवामान केंद्राच्या आकड्यात दिसत नाही. खोऱ्यातलं दाट धुकं ऊन अडवून कळ्या गार ठेवतं, म्हणून धुक्याचा हिवाळा अशा झाडांना मानवतो. अडचण पुढे येते: थंडी पुरी झालेल्या झाडाला आठवडाभर 25 अंश मिळाले की कळ्या फुगतात, आणि त्यानंतरच्या हिमरात्रीत त्या टिकत नाहीत. किनाऱ्यालगतच्या बागांत पानं सकाळी दहा-अकरापर्यंत ओली राहतात, तिथे बुरशीची फवारणी पान सुकण्याच्या वेळेवरून ठरवा. थर्मामीटर इथे कामाचा नाही.

दीपगृह

आतल्या भागाचा एक धोका कुणी बोललं नाही. वारा जमिनीकडून, आर्द्रता 20 टक्क्यांच्या आत आणि त्याआधी पाऊस नीट झाला नसेल तर हिवाळ्यातही वणव्याचे दिवस असतात. लॉस एंजेलिसजवळचे 2025 च्या जानेवारीतले वणवे अशाच डोंगरउतारावरच्या कोरड्या वाऱ्यात पेटले. तुमच्या अंदाजातले पहिले दोन दिवस त्या नजरेने वाचा.

वाळूघड्याळ

शेवटचं विचारतो. धुकं किती वाजता उठेल हे आकड्यात काढता येतं का? 'उशिरा सकाळी' यावर काही ठरवता येत नाही.

बाष्पमापी

ढोबळ काढता येतं. सूर्योदयाच्या वेळी धुक्याची जाडी माहीत हवी.

100 मीटर जाडीचं धुकं घ्या. घनमीटरला 0.2 ग्रॅम पाणी धरलं तर चौरस मीटरवर फक्त 20 ग्रॅम पाणी टांगलेलं आहे. ते आटवायला 50 किलोजूल. पण ते आटून राहायचं तर हवा दोनेक अंश तापवावी लागते, आणि 100 मीटर हवेला त्यासाठी 240 किलोजूल. म्हणजे खर्च पाण्याचा नाही, हवेचा आहे. एकूण 290. हिवाळ्यात सकाळी चौरस मीटरला सरासरी 200 वॅट ऊन येतं असं समजू. त्यातलं बरंचसं धुक्याच्या पांढऱ्या माथ्यावरून परत जातं, काही जमीन ओली असल्याने बाष्पीभवनात जातं. 60 वॅट कामाला आले तर दीड तासाच्या आत. साडेसातला ऊन लागलं तर नऊला मोकळं.

300 मीटरसाठी तोच हिशेब 870 किलोजूलवर जातो आणि जाड थरातून खाली पोचणारं ऊन घटून 40 वॅट धरावं लागतं. सहा तास. तोवर हिवाळ्याचं ऊन उतरणीला लागलेलं असतं, म्हणून असं धुकं नुसतं उचललं जाऊन ढग होतं आणि संध्याकाळी परत टेकतं. मार्चमध्ये हाच थर बाराला फाटला असता.

विरण्याची दिशाही ठरलेली असते: कडेकडून मध्याकडे. जमिनीकडची कड आधी फाटते, मोकळी जमीन तापते, तिथली गरम हवा कड आणखी कुरतडते. म्हणून उपग्रहाच्या दृश्य चित्रात सकाळी कड कुठे आहे आणि कुठला भाग जास्त पांढरा शुभ्र आहे ते पाहा. शुभ्र भाग म्हणजे जाड, तो शेवटी जाईल. समुद्राकडची कड मात्र विरत नाही, कारण पाणी उन्हाने तापत नाही. दुपारी खारे वारे सुटले की तिथलंच धुकं परत किनाऱ्यावर येतं. बाराला ऊन, तीनला पुन्हा काही दिसेनासं झालं, असं दिसलं तर अंदाज चुकला म्हणू नका.

नाखवा_९

रस्त्यावरच्यांसाठी तेवढाच एक हिशेब जोडतो. ताशी 80 ने ओल्या रस्त्यावर दीड सेकंद प्रतिसादाचे 33 मीटर आणि ब्रेकचे 62, मिळून 95. ताशी 50 ने 21 आणि 24, म्हणजे 45. समोर 50 मीटर दिसत असेल तर 50 हीसुद्धा काठावरची गोष्ट आहे. धुक्यात कडेच्या गोष्टी पुसट होतात आणि वेग असतो त्यापेक्षा कमी वाटतो, म्हणून काट्याकडे बघून चालवा. प्रखर दिवा लावला की थेंबांवरून उजेड डोळ्यांत परत येतो. दिवे खालचे ठेवा. डोंगररस्त्यावर दीपगृह यांनी सांगितलेल्या चौथ्या-पाचव्या दिवशी पायथा आणि माथा स्वच्छ आणि मधलाच पट्टा बंद मिळेल, तिथे शिरण्याआधी वेग उतरवलेला हवा.

वाळूघड्याळ

किनाऱ्यावरचा दवबिंदू आत्ता पाहिला. दुपारी 4 अंश होता, तासाभरात 10 झालाय आणि तापमान 21 वरून 15. अंदाजापेक्षा अर्धा दिवस आधी.

दीपगृह

म्हणजे थर परतला. आता डोंगरावरच्या केंद्रांचं तापमान दर तासाला बघत राहा. 200 मीटरवरचं केंद्र गार झालं आणि 400 वरचं गरमच राहिलं, तर आज रात्री दाट धुकं. 400 वरचंही गार झालं तर ढग.